बेळगावच्या दुकानदाराला कंपोझिशन परवडतं का?

मार्च जवळ आला की पेठेत जीएसटीच्या कंपोझिशन योजनेबद्दल, म्हणजे विक्रीवर ठोक टक्क्याने कर भरण्याच्या सोयीबद्दल, एकच सल्ला फिरायला लागतो. "कंपोझिशन घे, एक टक्का भर आणि निवांत बस." हुबळी-धारवाडच्या किराणा दुकानदाराला हा सल्ला चालून जाईल. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्या माणसाने मात्र आधी उधारीची वही उघडावी आणि वर्षभरातली गिऱ्हाइकं कुठली होती ते बघावं. चंदगड, गडहिंग्लज, कागल, मिरज, सावंतवाडी, म्हापसा ही महाराष्ट्र-गोव्यातली नावं पानोपानी दिसत असतील तर कंपोझिशन तुमच्यासाठी नाही. माझं मत एवढं सरळ आहे, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांनी ही योजना नुसती ऐकीव माहितीवर गळ्यात घालून घेतली आहे.

नियम असा. उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्या व्यापाऱ्याला किंवा उत्पादकाला कंपोझिशन घेता येतं, कर १ टक्का. पण परराज्यात माल विकता येत नाही. परराज्यातून खरेदीला आडकाठी नाही, इचलकरंजीहून कापड खुशाल आणा. इथून मात्र महाराष्ट्रातल्या शिनोळीला, म्हणजे शहरापासून वीसेक किलोमीटरवर, एक खोकं जरी विकून पाठवलं तरी तो आंतरराज्य पुरवठा झाला. त्या दिवसापासून योजनेचा हक्क संपतो. ते लपवून पुढे एक टक्काच भरत राहिलात आणि नंतर पकडलं गेलं, तर नेहमीच्या दराने कर, वर व्याज आणि दंड. तो कर गिऱ्हाइकाकडून घेतलेला नसतो, त्यामुळे सगळा खिशातून जातो. शिवाय कोल्हापूरचा नोंदणीकृत व्यापारी कंपोझिशनवाल्याकडून माल घेतच नाही, कारण त्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही.

नोंदणीच न घेतलेल्यांची गत याहून नाजूक आहे. "४० लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही" हे अर्धवट खरं. ही मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आणि तीही राज्यातल्या राज्यात. करपात्र माल राज्याबाहेर विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. घरी कुंदा करून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पुण्याला पाठवणाऱ्या ताईंना कुणी हे सांगत नाही. त्यांची वर्षाची विक्री तीन लाख असली तरी नोंदणी लागते. सेवेचं गणित वेगळं आहे. तिथे मर्यादा २० लाखांची, पण ती परराज्यातल्या गिऱ्हाइकालाही चालते. म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्याचं मशिनिंगचं काम मजुरीवर घेणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. आणि एकाच दुकानात पंप विक्रीही आणि दुरुस्तीची मजुरीही असेल, तर ४० विसरा, २० लाख धरा.

मर्यादा मोजताना करमाफ विक्रीसुद्धा धरतात, इथे हमखास फसगत होते. नुसता भाजीपाला किंवा सुटं दूध विकणाऱ्याला, उलाढाल कितीही असो, नोंदणी लागत नाही. पण त्याच दुधाच्या दुकानात बिस्किटं, कोल्ड्रिंक आणि शाम्पूच्या पुड्या आल्या की दूध, ब्रेड, बिस्किटं सगळं मिळून ४० लाख झाले का ते बघायचं. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा अनेकांचा गोंधळ नेमका इथे झाला. दुसरा गोंधळ होता बँक खात्याचा. दुकानाच्या क्यूआरवर भिशीचे हप्ते, मेहुण्याने परत केलेले हातउसने आणि घरभाडं, सगळं एकाच नळाने आलेलं. चार वर्षांनंतर त्यातलं विक्रीचं कुठलं आणि भिशीचं कुठलं हे सिद्ध करणं फार अवघड. दुकानाला चालू खातं वेगळं, क्यूआर त्याच खात्याचा, आणि घरचे व्यवहार बचत खात्यावर, एवढं आजच करून टाका. जाता जाता, हातउसने २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीने घेऊच नका. आयकर कायद्यात त्याला घेतलेल्या रकमेएवढाच दंड आहे.

आता एक टक्क्याचं गणित. कंपोझिशन स्वस्त असतं हे बहुतेक जण गृहीतच धरतात. साडीचं उदाहरण घेऊ. १ लाखाचा माल, वर ५ टक्के कर, म्हणजे १ लाख ५ हजार मोजले. तो माल गिऱ्हाइकाला सगळं धरून १ लाख २० हजारांना गेला. कंपोझिशनमध्ये खरेदीवरचे ५ हजार परत मिळत नाहीत, वर १,२०० रुपये कर. हातात उरले १३,८००. नियमित नोंदणीत त्याच १ लाख २० हजारांतून ५,७१४ रुपये कर वेगळा काढायचा, त्यातून ५ हजारांचं क्रेडिट वजा करून ७१४ भरायचे. हातात उरले १४,२८६. म्हणजे नियमितवाला पुढे!

याचा ढोबळ ठोकताळा सांगतो. ५ टक्क्यांच्या मालावर, करासकट खरेदी किमतीच्या वर साधारण २६ टक्क्यांपेक्षा कमी मिळत असतील तर नियमित नोंदणी स्वस्त पडते. १८ टक्क्यांच्या मालावर उलटं होतं, तिथे करासकट खरेदीवर ७ टक्क्यांहून जास्त सुटत असेल तर कंपोझिशन स्वस्त. हार्डवेअर किंवा इलेक्ट्रिकलचं दुकान, गिऱ्हाईक सगळं गावातलं, मार्जिन पंधरा-वीस टक्के असेल तर खुशाल कंपोझिशन घ्या, मी अडवणार नाही. कापड, चपला, फरसाण-मिठाई या ५ टक्केवाल्यांनी मात्र हा हिशोब आपल्या आकड्यांवर एकदा मांडून बघावा. गृहीत एकच, खरेदी पक्क्या बिलाने झालेली हवी.

खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या काजूवाल्यांना आणखी एक खाच आहे. शेतकऱ्याकडून कच्चा काजू घेतला की कर शेतकरी भरत नाही, घेणारा नोंदणीकृत कारखानदार भरतो, ५ टक्के, आणि तोही रोखीने, क्रेडिटमधून वळता करता येत नाही. स्वतःच्याच नावाने बिल करायचं, तेही माल मिळाल्यापासून ३० दिवसांत. नियमितवाला हे पैसे भरून पुढच्या विक्रीवर त्यांचं क्रेडिट घेतो. कंपोझिशनवाल्याला भरावे लागतातच, क्रेडिट मात्र नाही. काजूगर कोल्हापूर-पुण्याला पाठवायचे असतील तर कंपोझिशनचा प्रश्नच मिटला.

कंपोझिशनमधून बाहेर पडायचं तर मार्चची वाट बघायची गरज नाही. जीएसटी पोर्टलवर सीएमपी-०४ हा फॉर्म भरला की झालं. परराज्यात विक्री झाल्यामुळे हक्क गेला असेल तर तो ७ दिवसांत भरायचा. पण खरा फायदा पुढच्या फॉर्ममध्ये आहे, आयटीसी-०१. बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी दुकानात शिल्लक असलेल्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट त्यातून मिळतं. मुदत ३० दिवस, खरेदीची बिलं एक वर्षाच्या आतली हवीत, आणि रक्कम २ लाखांवर असेल तर सीएचा दाखला लागतो. हा फॉर्म न भरल्याने कितीतरी दुकानदार हजारो रुपयांवर पाणी सोडतात. त्या दिवशी मालाची यादी करा, बिलं लावून ठेवा.

आता लग्नाचा बस्ता. चंदगड, आजऱ्याची मंडळी बस्ता बांधायला बेळगावात येतात, खडेबाजारात ८० हजारांचं बिल होतं, माल गाडीत घालून घेऊन जातात. या बिलावर कर कुठला? १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा की गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल तर बिलावर त्याचा जो पत्ता लिहिला, तेच पुरवठ्याचं ठिकाण. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ताच धरतात. पत्ता नसेल तर दुकानाचं ठिकाण. आणि ५० हजार किंवा त्याहून मोठ्या बिलावर नाव-पत्ता आणि राज्य लिहिणं सक्तीचं आहे. म्हणून चंदगडच्या त्या ८० हजारांच्या बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा कर) लागतो, सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा केंद्राचा आणि राज्याचा कर) नाही. काउंटरवर बसणारा पोरगा सवयीने सगळ्यांना २.५ अधिक २.५ लावतो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाचं राज्य हा रकाना असतो, तो भरायची सवय त्याला लावा. कंपोझिशनवाल्याच्या बिलावर घरगुती गिऱ्हाइकाचा पत्ता नियमच मागत नाही. माल काउंटरवरच ताब्यात देत असाल तर तो विनाकारण लिहू नका, आणि "घरपोच देतो" म्हणून चंदगडला टेम्पो पाठवू नका.

चुकून उलटा कर भरला गेला तर घाबरायचं कारण नाही, पण सोपंही नाही. बरोबर खात्यात कर पुन्हा पूर्ण भरावा लागतो. व्याज लागत नाही. आधीचा चुकीचा कर परतावा म्हणून मागायचा, बरोबर कर भरल्यापासून २ वर्षांच्या आत. म्हणजे काही महिने दोन्हीकडचे पैसे अडकून राहतात, आणि छोट्या दुकानदाराला खरा चटका तोच.

"महाराष्ट्रातून माल आणला की टॅक्स अडकतो" ही समजूत मात्र सोडून द्या. आयजीएसटीचं क्रेडिट आधी आयजीएसटीला, मग उरलेलं सीजीएसटी आणि एसजीएसटी दोन्हींना वापरता येतं. अडतं ते फक्त सीजीएसटी आणि एसजीएसटी यांच्यात, एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेच्या फाउंड्री आणि मशिनशॉपवाल्यांकडे वळतो. कास्टिंग इथे ओतायचं, मशिनिंगला कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला पाठवायचं, हा रोजचा व्यवहार. "माल ५० हजारांच्या आत आहे, ई-वे बिल कशाला?" हे वाक्य रोज ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. ई-वे बिल म्हणजे माल गाडीतून नेताना पोर्टलवर काढायचा कागद. विक्रीच्या मालाला ५० हजारांची मर्यादा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून घ्यायला, जाणाऱ्या मालाला ती मर्यादाच नाही, पाच हजारांचे दोन नग असले तरी ई-वे बिल लागतं. परतीच्या फेरीलाही काढलेलं बरं, वाद नको.

सोबत डिलिव्हरी चलन हवं, तीन प्रतींत. पहिली जॉबवर्करला, दुसरी गाडीवाल्याला, तिसरी आपल्या फायलीला. चलनावर क्रमांक, तारीख, दोघांचे जीएसटी नंबर, नग आणि वजन, एचएसएन (मालाच्या प्रकाराचा क्रमांक), किंमत. नग लिहून वजन सोडायची वाईट खोड आपल्याकडे आहे. मशिनिंग होऊन परत येताना वजन घटतं, बुरादा तिथेच राहतो. जाताना आणि येताना दोन्ही वजनं नोंदलेली नसतील तर कमी भरलेला माल विकला असं म्हणायला तपासणीत वाव राहतो. माल एक वर्षात परत आला पाहिजे, जिग-फिक्श्चर, डाय आणि हत्यारं सोडून इतर यंत्रांना तीन वर्षं. मुदत हुकली तर पाठवलेल्या दिवशीच तो विकला असं धरतात, त्या दिवसापासूनच्या व्याजासकट. याचं विवरण आयटीसी-०४, उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत.

ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, आणि तो दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. बेळगाव-कोल्हापूरला पुरून उरते. पण शनिवारी संध्याकाळी बिल काढून गाडी सोमवारी हलवायची पद्धत असेल तर ते बिल मेलेलं असतं. चेकपोस्ट २०१७ सालीच गेले, तरी फिरती पथकं सीमेवरच्या कोगनोळीच्या आसपास असतातच. गाडी धरली आणि मालक पुढे आला तर कराच्या दुप्पट दंड भरून माल सुटतो. किरकोळ चुकीला मात्र एवढा दंड लागत नाही. गाडी नंबरातला एखाद-दुसरा अंक चुकला, पिनकोड चुकला, नावाचं स्पेलिंग चुकलं पण जीएसटी नंबर बरोबर आहे, अशा चुकांना केंद्राच्या २०१८ च्या ६४ क्रमांकाच्या परिपत्रकाप्रमाणे एकूण १,००० रुपये दंड पुरतो. हे परिपत्रक छापून ड्रायव्हरच्या कागदांच्या पिशवीत ठेवा. अधिकाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

उधारी वसुलीत सीमेपलीकडचं गिऱ्हाईक "ये की कोल्हापूरच्या कोर्टात" म्हणून दटावतं. गरज नाही. त्याने दिलेला चेक तुम्ही तुमच्या बेळगावच्या खात्यात भरला असेल तर चेक परत आल्याची केस बेळगावातच चालते, २०१५ च्या दुरुस्तीने हे ठरवलं आहे. तारखा सांभाळा. चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत भरायचा. परत आल्याचा मेमो मिळाला की ३० दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस द्यायचे. तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. "देतो, देतो, गणपती होऊ दे" म्हणत हे दिवस खाल्ले जातात. गणपती होऊ दे, नोटीस आधी जाऊ दे.

कारखानदार असाल किंवा जॉबवर्क करत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करा. फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन लागतं, कुणालाही हजार-दोन हजार देऊ नका. नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची हवी, नंतर काढलेली मागच्या थकबाकीला उपयोगी पडत नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली, मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलेली रक्कम घेणाऱ्याला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि फेब्रुवारीत थकबाकीची यादी, बिलांच्या तारखांसकट, त्याच्या अकाउंटंटला पाठवा. मालकाला पाठवून उपयोग नाही, अकाउंटंटला पाठवा! तेवढ्याने हलले नाहीत तर अशा थकबाकीचे तंटे सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेत अर्ज करा. पुरवठादार जिथे आहे तिथल्या परिषदेला अधिकार असतो, गिऱ्हाईक पुण्याचं असो की पणजीचं. नुसत्या व्यापाऱ्यांना मात्र या ४५ दिवसांचा लाभ नाही, त्यांची उद्यम नोंदणी बँकेच्या कर्जापुरती. त्यांच्या हातात दुसरी चावी आहे. १८० दिवसांत बिलाचे पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या बिलाचं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. पाचव्या महिन्यात हे नम्रपणे लिहून कळवा.

तीन महिन्यांनी विवरण भरणाऱ्यांना एक गोष्ट. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला क्रेडिट दरमहा दिसायला हवं असतं. पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफमध्ये (बिलं दरमहा चढवायची पोर्टलवरची सोय) पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवा, नाहीतर तो तुमचे पैसे अडवून ठेवतो आणि तसं पाहिलं तर त्याचंही चुकत नाही.

पाटीचं म्हणाल तर कर्नाटकात ६० टक्के भाग कन्नडचा आणि तो वरच्या बाजूला, असा कायदा आहे. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहायला तो आडवा येत नाही. पाटीवाल्याला माप लिहून द्या, अंदाजावर सोडू नका, कारण पाटी दोनदा करण्याचा खर्च तुमचाच. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, कर्नाटकात मुदत ३० एप्रिल. शिनोळीत गोडाऊन घेतलंत तर महाराष्ट्राची जीएसटी नोंदणी वेगळी, व्यवसाय कर वेगळा, आणि बेळगावच्या दुकानातून स्वतःच्याच गोडाऊनला पाठवलेल्या मालावरही आयजीएसटीचं बिल.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा. बहुतेकांचा सल्लागाराचाच असतो, त्याच्याकडे अशी शेकडो खाती, नोटीस येते ती त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. नोटिसांचे पोर्टलवर दोन वेगळे कप्पे आहेत, दोन्ही महिन्यातून एकदा उघडायचे. एकतर्फी आदेश निघालाच तर अपिलाला ३ महिने, योग्य कारण दाखवलं तर आणखी १ महिना. अपिलाबरोबर वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम भरावी लागते. हा चौथा महिना उलटला की अपील अधिकाऱ्यालाही उशीर माफ करता येत नाही.